संसारोपयोगी : दोन दिवसांचा तंबू

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही मुलांमाणसांसह हरिश्चंद्रगडावर मुक्कामास गेलों होतों. पोहोंचेपर्यंत अंधार पडला. वारा सुटलेला आणि खालीं कातळ! नव्या तंबूच्या मेखा कातळांत शिरेनात व मेखांवांचून तो उभा राहीना. थोरल्या वहिनी धाकट्या चिरंजीवास शालींत गुंडाळून तासभर उघड्यावर बसल्या. तेव्हां जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवतों.

एक-दोन रात्रींसाठीं, दोन लवचिक काठ्यांच्या फुलीवर स्वतःच्याच ताणानें उभा राहणारा घुमटाकृति तंबू उत्तम. आंत सामान ठेवून त्याचे कोपरे दाबावे, तणावे मोठ्या दगडांस बांधावे. फेकतांच उघडणारा तंबू मोहक खरा. परंतु त्याची घडी परातीसारखी रुंद होते. ती मोटारींत ठीक, चढणीवर पाठीस अडचण. कापड दुपदरी असावें, म्हणजे श्वासाची वाफ बाहेरच्या पदरावर थिजते व अंथरूण कोरडें राहतें. ‘चौघांचा’ म्हणून विकलेला तंबू सामानासह तिघांचाच समजावा.

मुख्य गोष्ट ही कीं, निघण्यापूर्वीं तो घरच्या गच्चीवर, मेखांवांचून आणि दिवा मालवून, एकदां उभारून पाहावा. आम्ही तो प्रथम उघडला तो गडावरच! दोष तंबूचा थोडा, आमचाच अधिक.