काटकसर ताटात नको, वहीत हवी



गावात बैठक घेतली की मी एक प्रश्न हटकून विचारतो. सोयाबीनला एकरी खर्च किती येतो? ओसरीवर बसलेला कुणीही माणूस बोटांवर मोजून सांगतो. नांगरट एवढी, बियाणं एवढं, खताच्या बॅगा, फवारण्या, काढणी, मळणी. सगळं तोंडपाठ. मग मी दुसरा प्रश्न टाकतो. घराला महिन्याला किती लागतात? इथं मात्र बैठक गप्प होते. कुणी टोपी सारखी करतो, कुणी शेजाऱ्याकडे बघून हसतो. "कशाचा हिशोब साहेब, आलं की गेलं," असं एखादा म्हणतो. खरं उत्तर बहुतेक वेळा दाराआडून येतं. "तेल, चहा, साखर, दळण, पोरांच्या वह्या, दवाखाना, समदं मी सांगते. पण पैसा ह्यांच्या हातात."

ज्याच्या हातात पैसा त्याला खर्च माहीत नाही आणि जिला खर्च माहीत तिच्या हातात पैसा नाही. आपल्या लातूर भागातल्या कितीतरी घरांची ओढाताण इथूनच सुरू होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसा सुगीला, खर्च रोजचा

नोकरदाराला दर महिन्याला पगार. आपल्याला वर्षातून दोन-तीनदा पट्टी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन, जानेवारी-फेब्रुवारीत तूर, मार्चच्या आसपास हरभरा. ऊस असेल तर कारखान्याचं बिल. बाकीचे महिने कोरडे. त्यात जून महिना असा, की पेरणीही तेव्हाच आणि शाळाही तेव्हाच. जून ते सप्टेंबर घर चालतं ते किराणा दुकानदाराच्या वहीवर. म्हणजे आपल्या घरखर्चाची वही लिहिली जात नाही असं नाही. ती दुकानदार लिहितो, एवढंच.

दुकानदाराला नावं ठेवायची नाहीत. अडीअडचणीला तोच उभा राहतो. पण उधारीत माल घेताना भाव विचारायची सोय राहत नाही आणि समोर ठेवलं ते उचलावं लागतं. पट्टी आली की पहिले पैसे त्याला, दुसरे कृषी सेवा केंद्राला, तिसरे हातउसन्यांना. आठ-पंधरा दिवसांत पाकीट रिकामं. मग लक्ष्मी घरात टिकत नाही म्हणून आपण नशिबाला बोल लावतो.

चुकीच्या जागी कात्री

पैसा कमी पडला की काटकसर करावीच लागते. प्रश्न एवढाच, की कात्री कुठं लावायची? बघा, आपण ती पहिल्यांदा ताटाला लावतो. वरण पातळ होतं. भाजी एक वेळेला होते. गाई-म्हशीचं दूध कॅनमध्ये भरून सगळंच्या सगळं डेअरीला जातं आणि लेकरं कोऱ्या चहात बिस्कीट बुडवून शाळेला जातात.

आता हिशोब करू. घरात दोन लेकरं आहेत, त्यांना पाव-पाव लिटर दूध द्यायचं तर अर्धा लिटर घरात ठेवावं लागेल. गाईच्या दुधाचा भाव लिटरला तीस-पस्तीस धरला तर अर्ध्या लिटरचे पंधरा-सतरा रुपये झाले. दहा रुपयांचे दोन पुडे बिस्कीट आणले की वीस गेले. म्हणजे दूध विकून पैसे वाचले नाहीत, उलट वर तीन ते पाच रुपये गेले आणि लेकरांच्या पोटात मैदा-साखर गेली.

या काटकसरीचा सगळ्यात जास्त भार घरच्या बाईवर पडतो, कारण ती शेवटी जेवते. तळाला राहिलं ते तिचं. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसून आलं. या बायका शेतात निंदायला, खुरपायला आणि वेचायला जाणाऱ्याच आहेत. त्यांच्या ताटातून वाचवलेला पैसा दवाखान्यात दुपटीनं द्यावा लागतो. याला बचत कशी म्हणायची?

आपलीच तूर, आपणच गिऱ्हाईक

दुसरी गोष्ट डाळीची. आपला जिल्हा तुरीचा आणि लातूर शहर डाळमिलांचं. तूर निघाली की आपण पोत्यात भरतो आणि सगळी अडतीला नेऊन घालतो. महिन्याभरात त्याच तुरीची डाळ दुकानातून पुडीत आणतो.

पाच माणसांच्या घराला रोज पाव किलो डाळ धरा. वर्षाची झाली 91 किलो. शंभर किलो तुरीची साधारण 70 किलो डाळ पडते. म्हणजे घरापुरती एक क्विंटल 30 किलो तूर बाजूला ठेवली की वर्षाची निश्चिंती. समजा तूर सत्तर रुपये किलोनं विकली आणि डाळ एकशेवीसनं आणली. विकलेल्या तुरीचे आले 9,100 रुपये आणि डाळीला गेले 10,920. फरक 1,820 रुपयांचा. त्यात हमाली, तोलाई आणि गाडीभाडं मिळवा, भरडाईची मजुरी वजा करा. हजार-दीड हजार तरी हाताशी राहतात. शिवाय चुनी जनावरांना मिळते ती वेगळी. भाव दरवर्षी बदलतील, तेव्हा आकडे तुमचे तुम्ही घाला.

काही जण म्हणतील, एवढ्याशा पैशानं काय होतं? पण मुद्दा नुसत्या पैशाचा नाही. डाळ घरात कोठीत असली की वरण पातळ होत नाही. पुडीतली डाळ बाई मोजून टाकते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली मिनी डाळमिल गावपातळीवर चालवता येते. बचत गटानं ती घेतली तर गावाची तूर गावात भरडली जाते. साठवताना मात्र आळस नको. तूर कडक उन्हात वाळवा, दाताखाली कट्ट फुटली पाहिजे. मग गार होऊ द्या, कोरड्या कोठीत भरा आणि झाकण घट्ट लावा. तुरीला आणि डाळीला तेलाचा हात द्यायची आपल्या आया-आज्यांची रीत शास्त्रालाही धरून आहे. त्यानं भुंगेरा लागायला आळा बसतो.

न्हाणीचं पाणी आणि दाराची भाजी

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते आपण कुणी विसरलेलो नाही. त्या उन्हाळ्यात एकेक तांब्या मोजून वापरायची सवय लागली होती. भाजी धुतलेल्या पाण्यानं भांडी विसळायची आणि भांड्याचं पाणी झाडाला, असं घरोघरी चाललं होतं. पुढं पाऊस झाला आणि सवय मोडली. आज पुन्हा न्हाणीचं पाणी रस्त्यावर वाहतं, त्यात डुकरं लोळतात, डास होतात. आणि त्याच घरातला माणूस आठवडी बाजारातून वीस रुपयांची मेथीची जुडी घेऊन येतो.

एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. एवढी जागा शेतातल्या आखाड्यावर किंवा घरामागं पुष्कळांकडे असते. अर्धा गुंठा असला तरी चालेल. दर पंधरा दिवसांनी मेथी, पालक, शेपू यांचे दोन-दोन वाफे टाकत गेलात तर पालेभाजी तुटत नाही. कुंपणावर दोडका, कारलं, वाल चढवा. कडेला शेवग्याची दोन झाडं, एक लिंबू, एक कढीपत्ता आणि दोन पपया लावा. शेवग्याचा पालाही खावा, नुसत्या शेंगाच नको. साबणाचं पाणी पालेभाजीला घालू नका, ते झाडांना चालतं. शेळ्या-कोंबड्यांपासून राखण म्हणून काट्याचं कुंपण करा. बियाण्याला फार पैसा लागत नाही, शेजारणीशी वाटून घेतलं तर आणखी कमी लागतो.

एक सांगतो. परसबाग हे बाईचंच काम, असं समजून तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं टाकू नका. वाफे बांधणं आणि पाणी वळवणं ही कामं पुरुषाला शेतात येतात तशी घरामागंही येतात.

भोकं कुठं आहेत?

कात्री लावायचीच तर तिच्या जागा दुसऱ्या आहेत. लहान भोकं रोजची. स्टँडवरचा चहा, पुडी आणि कामाशिवाय तालुक्याला मारलेल्या चकरांचं पेट्रोल. राज्यात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, तरी पुड्यांचा कागद गल्लीत दिसतोच. रोजचे चाळीस रुपये धरले तर वर्षाचे 14,600 होतात. हा आकडा बैठकीत फळ्यावर लिहिला की माणसं माझ्याकडे रागानं बघतात. बघू द्या.

मोठं भोकं लग्नाचं. बस्ता, मानपान, मंडप, डीजे, गावजेवण. पैसा नसला तर शेकडा तीननं काढायचा. शेकडा तीन ऐकायला हलकं वाटतं. एक लाखाला महिन्याचे तीन हजार, वर्षाचे छत्तीस हजार, आणि मुद्दल जिथल्या तिथं. दुसरीकडं 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्य सरकारची व्याजसवलत मिळते. आपण मात्र लग्नासाठी पीककर्ज थकवतो, सवलत घालवतो आणि सावकाराचं व्याज भरत बसतो. गाडगेबाबा 1956 साली गेले. कर्ज काढून सण-समारंभ करू नका, हे त्यांनी जन्मभर कीर्तनातून गावोगाव सांगितलं. आपण त्यांच्या जयंतीला हार घालतो आणि दुसऱ्या दिवशी सावकाराकडे जातो.

दुसऱ्याला सांगतो तेव्हा स्वतःचंही सांगायला हवं. मी पगारदार माणूस, तरी वीस तारखेला माझा खिसा रिकामा व्हायचा. एकदा घरच्यांनी पोराची अर्धी कोरी वही समोर ठेवली आणि म्हणाल्या, "लोकांना शिकवता, एक महिना स्वतः लिहून बघा." लिहिलं. माझा बाहेरचा चहा-नाश्ता आणि विनाकारण जाळलेलं पेट्रोल मिळून पोरांच्या दुधापेक्षा जास्त निघालं. मान खाली घालावी लागली. तेव्हापासून आमच्या घरात वही आहे.

वही कशी लिहावी?

फार शहाणपण लागत नाही. चार रकाने करा. तारीख, कशासाठी, किती, आणि रोख की उधार. शाळेत जाणाऱ्या मुलीनं किंवा मुलानं रोज रात्री पाच मिनिटं लिहावं. आठवडी बाजाराच्या आदल्या रात्री सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावं. कुणाला बोल लावायचा नाही, नुसतं वाचायचं.

तीन महिने लिहिलं की महिन्याला घराला किती लागतात ते कळतं. मग पट्टी आली त्याच दिवशी नवरा-बायकोनं बसून वाटण्या कराव्यात. पुढच्या पट्टीपर्यंतचा घरखर्च, पेरणीचा पैसा, शाळेचा, दवाखान्याचा. यातला घरखर्चाचा आणि दवाखान्याचा वाटा घरधनिणीच्या खात्यावर टाकावा. आधी शेकडा तीनचं कर्ज फेडावं, बाकीचं नंतर. बचत गटाचा हप्ता चुकवू नये. अडचणीला गटाचं कर्ज सावकारापेक्षा स्वस्त पडतं आणि व्याजही गटातच राहतं.

"साहेब, मालाला भाव नाही आणि तुम्ही आम्हाला मेथी लावायला सांगता," असं कुणी म्हणालं तर ते खोटं नाही. काटकसरीनं पडलेला भाव चढत नाही. तोट्यातली शेती पोट आवळून नफ्यात येत नाही, आणि तसं शेतकऱ्याला सांगणं हा अन्याय आहे. भावाची लढाई वेगळी, ती लढलीच पाहिजे. पण त्या लढाईतही वही कामाला येते. कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च काढताना घरच्या माणसांच्या मजुरीचीही किंमत धरतो. आपण धरतो का? पहाटेपासून राबणाऱ्या बाईचे किती दिवस सोयाबीनमध्ये गेले, हे आपल्या कुठल्याच हिशोबात नसतं. ज्याच्याकडे लिहिलेलं आहे त्याला अधिकाऱ्यापुढं, बँकेपुढं आणि पुढाऱ्यापुढं बोलता येतं.

तेव्हा येत्या बाजारी भाजीच्या पिशवीत एक वही टाकून आणा. चाळीस पानी पुरे. पहिल्या पानावर दोघांची नावं घाला, आणि त्या दिवशीचा पहिला खर्च म्हणून वहीचीच किंमत लिहा. पुढच्या बैठकीला मी तोच दुसरा प्रश्न विचारणार आहे. उत्तर ओसरीवरून यावं, आणि दाराआडची बाई पुढं येऊन बसलेली असावी, एवढीच अपेक्षा.