मिरचीच्या हातांनी पाजायचं कसं?

दोंडाईचात लाल मिरची आली की देठ खुडायला बाया बसतात. एखादीचं तान्हं शेजारीच, जुन्या लुगड्याच्या झोळीत, ठसक्याच्या हवेत झोपलेलं असतं. ते रडलं की आई हात धुते. पण मिरचीची आग पाण्याने जात नाही, ती तेलात विरघळते. आधी तेल चोळायचं, मग साबण, मग पदर झटकायचा; तेव्हा कुठे बाळ छातीशी. खुडणीची मजुरी किलोवर. म्हणजे पाजण्याचा वेळ तिच्याच कमाईतून कापला जातो.

तासाभराच्या आत चीकदूध, सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, पुढे दोन वर्षांपर्यंत वरच्या अन्नाबरोबर तेही. दर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, स्तनपान सप्ताहात, हे सांगितलं जातं आणि बायांना ते पटतंही. अडतं ते कामावर. 1961च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी कामाच्या वेळात रोज दोन सुट्ट्या दिल्या. 2017च्या दुरुस्तीने 50 कामगारांपासून पुढे पाळणाघर सक्तीचं केलं. हजेरीपटावर नावच नसलेल्या बाईला यातलं काय मिळतं? मग बाळ घरी राहतं आणि आजीच्या हाती पाणी घातलेल्या दुधाची बाटली येते. खान्देशच्या उन्हात त्या बाटलीतून जुलाब लागतात.

बाजार समिती आणि नगरपालिकेने येत्या हंगामाआधी मिरचीपासून लांब एक हवेशीर खोली द्यावी, नळ, साबण, तेल आणि सांभाळायला एक बाई ठेवावी. व्यापाऱ्यांनी पाजण्याचा वेळ मजुरीत धरावा.