पाणी तपासता, मग गाळ का नाही?

वणी तालुक्यात वर्धा नदीच्या पट्ट्यात उकणी, निलजई, मुंगोली या भागात कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. वणी शहराजवळून वाहणारी निर्गुडा वर्धेलाच मिळते. या नद्यांच्या काठी आम्ही ढोरं पाजतो, मासे धरतो, पूर ओसरला की गाळावर भाजीपाला अन् डांगरवाड्या लावतो. तक्रार केली की साहेब येतात, बाटलीत पाणी भरून नेतात. गाळाला कोणी हात लावत नाही. आमचं भांडण याच्याशी आहे.

शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम हे जड धातू वाहत्या पाण्यात फार काळ राहत नाहीत. ते बारीक चिकण मातीला धरून बसतात, अन् धार मंदावते तिथं मातीसोबत काठाला साचतात. म्हणून बाटलीतलं पाणी चांगलं निघू शकतं, अन् त्याच वेळी गाळात विष वाढत राहू शकतं. पुढे पाणी आंबट झालं, की तोच धातू गाळातून सुटून परत पाण्यात येतो. पाणी वाहून जातं, गाळ आमच्याच वावरात राहतो.

हे धातू येतात कुठून? उघड्या खाणीत एक टन कोळशासाठी त्याच्या कितीतरी पट माती-दगड उपसावा लागतो. त्याचे डोंगर उभे राहतात. त्या दगडात गंधक अन् लोखंडाचं खनिज असलं, तर हवा-पाणी लागून त्याचं तेजाब होतं. तेजाब दगडातले धातू विरघळवतं. पावसात ढिगारा वाहतो, खाणीतलं उपसलेलं पाणी नाल्यात सोडलं जातं, अन् सगळं नदीला येतं. कोळसा जळाला की त्यातले बरेच धातू राखेत उरतात. ती राख उघड्यावर टाकली, तर तीही पावसानं नदीलाच जाते.

कंपनीवाले म्हणतील, काळ्या मातीत तांबं, निकेल मुळातच असतं, खतातूनही कॅडमियम येतं. खरं आहे. म्हणूनच तर मोजा म्हणतो. खाणीच्या वरच्या अंगाचा गाळ घ्या, खालच्या अंगाचा घ्या. वरचा थर घ्या, हातभर खालचा जुना थरही घ्या. कोणाचं किती, ते गाळच सांगेल.

जपानमध्ये जिंझू नदीला वरच्या कामिओका खाणीतून कॅडमियम आलं अन् भाताच्या बांध्यांत बसलं. बायांची हाडं ठिसूळ झाली. त्या दुखण्याचं नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असं पडलं. 1968 मध्ये तिथल्या सरकारनं कारण मान्य केलं. 1972 मध्ये लोक कोर्टात जिंकले अन् कंपनीकडून लिहून घेतलं की गावकरी तज्ज्ञ घेऊन खाण तपासतील, खर्च कंपनी देईल. आपल्याकडे तेवढं झालंच आहे असं आम्ही म्हणत नाही. पण गाळ न तपासता ‘काही झालं नाही’ असं सांगायचा हक्कही कोणाला नाही. कॅडमियम एकदा मूत्रपिंडात गेलं की त्यातलं निम्मं निघायलाच 10 ते 30 वर्षं लागतात. तोवर वाट पाहायची काय?

2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 5 वनहक्कधारकांना अन् ग्रामसभेला पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार देतं. जिथं हा कायदा लागू आहे तिथं ग्रामसभेनं तो वापरावा. बाकी गावांनीही ठराव घ्यावेत. ठरावात एवढं लिहा:

1. पावसाळ्याआधी अन् पूर ओसरल्यावर, दोन्ही वेळा काठाचा गाळ तपासावा.
2. नमुना गावकऱ्यांसमोर घ्यावा, सीलबंद अर्धा नमुना ग्रामसभेकडे ठेवावा.
3. मासे अन् काठावरचा भाजीपालाही तपासावा.
4. अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा.
5. मातीचे ढिगारे नदी-नाल्यापासून हटवावेत, खर्च कंपनीनं करावा.

कोळशाच्या या खडकाला शास्त्रज्ञ ‘गोंडवाना’ म्हणतात. नाव आमच्या मुलखाचं, कोळसा कंपनीचा, अन् गाळ तेवढा आमच्या वाट्याला! असा हिशेब आता चालणार नाही. ठरावाची एक प्रत तहसीलला द्या, पोच घ्या, दुसरी संघटनेकडे पाठवा.

जय सेवा!