प्रवेश मिळाला, शिक्षणाचे काय?



नामांकित महाविद्यालयाच्या यादीत मुलाचे नाव लागले की आपण कृतार्थ होतो. परंतु नाव लागणे निराळे आणि शिक्षण मिळणे निराळे. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय स्थापिले, तेव्हा दिवसा चाकरी करणाऱ्या तरुणांसाठी तेथील वर्ग सकाळी भरविले. विद्यार्थ्याची अडचण पाहून संस्थेने आपली घडी बसविली, ही गोष्ट लहान नव्हे.

आज हीच कसोटी आपण लावतो काय? शिष्यवृत्ती उशिरा आली, तर परीक्षेचा अर्ज अडवितात काय? वसतिगृहात जागा खरोखर मिळते काय? भेदभावाची तक्रार ऐकणारा अधिकारी प्रत्येक संस्थेने नेमावा, असा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये केला. तो अधिकारी कोण, हे तेथील शिपायास तरी ठाऊक आहे काय? माहितीपत्रकात ही उत्तरे नसतात. (इमारतीचे रंगीत चित्र मात्र हटकून असते.) भगवंताचा धम्म ‘एहिपस्सिक’ आहे, या आणि पाहा असे सांगणारा, मग महाविद्यालय न पाहता का स्वीकारावे? तेथे शिकणाऱ्या आपल्या मुलांना गाठा, त्यांना विचारा.

आणि मुलगी सुट्टीत घरी येऊन नुसते “बरे आहे” म्हणाली, तर तेवढ्यावर थांबू नका. गुण विचारण्यापूर्वी, वर्गात तिच्या शेजारी कोण बसते, ते विचारा.