४२९४९६७२९७ ही संख्या काय शिकविते ?

गणिताचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेल्या उत्तराशीं जुळलें, कीं विद्यार्थी वही मिटतो आणि पालकही संतुष्ट होतात. परंतु उत्तर जुळणें आणि तें खरें असल्याची खात्री पटणें ह्या दोन गोष्टी निराळ्या होत. हा भेद ज्यास नीट समजून घ्यावयाचा असेल, त्यानें वरील संख्येचा इतिहास अवश्य पाहावा.

फ्रान्स देशांतील पिएर द फेर्मा हा तूलूझ येथील न्यायसभेचा सभासद. परंतु त्याची गणितांतील बुद्धि असामान्य होती. इ. स. १६४० च्या सुमारास त्यानें ३, ५, १७, २५७ व ६५५३७ ह्या संख्यांचा विचार केला. कोणत्याही एकींतून १ वजा करून बाकीचा वर्ग करावा व त्यांत १ मिळवावा, म्हणजे पुढची संख्या येते. ह्या पांचही मूळ संख्या आहेत; १ व ती संख्या स्वतः ह्यांवांचून दुसऱ्या कशानेंही त्यांस निःशेष भाग जात नाहीं. तेव्हां पुढील सर्व संख्याही मूळच असाव्यात, असें त्यास वाटलें. आपणांपाशीं सिद्धता नाहीं, हें त्यानें प्रांजळपणें कबूल केलें होतें; तरी त्याचा विश्वास ढळला नाहीं. ह्या मालिकेंतील सहावी संख्या म्हणजेच ४२९४९६७२९७.

इ. स. १७३२ मध्यें लेओनार्ड ऑयलर ह्यानें दाखविलें कीं, ह्या संख्येस ६४१ नें निःशेष भाग जातो व भागाकार ६७००४१७ येतो. नियमावांचून शोधूं गेल्यास ६४१ पर्यंत शंभराहून अधिक मूळ संख्यांनीं भागून पाहावें लागेल. परंतु ह्या संख्येच्या प्रत्येक मूळ भाजकास ६४ नें भागिलें असतां बाकी १ च उरली पाहिजे, असें ऑयलरनें पुढें सिद्धही केलें. ह्या नियमांत बसणाऱ्या मूळ संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ होत. म्हणजे पांचव्याच भागाकारास भाजक हातीं येतो !

आज यंत्र हा भागाकार क्षणांत करितें. मग मुलांनीं श्रम कां करावे, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, यंत्र भागाकार करील, पण पांच उदाहरणें म्हणजे सिद्धता नव्हे, ही जाणीव ज्याची त्यानेंच आपल्या मनांत बाणविली पाहिजे. थोरांचें म्हणणें तपासणें हा उद्धटपणाही नव्हे. ऑयलरनेंच फेर्माचीं दुसरीं कित्येक विधानें सिद्ध करून त्याची कीर्ति वाढविली. फेर्माच्या ह्या संख्याही वायां गेल्या नाहींत. त्यांतील १७ ह्या संख्येच्या आधारें इ. स. १७९६ मध्यें, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षीं, गाउस ह्यानें सतरा बाजूंची समभुज व समकोन आकृति पट्टी व कंपास ह्यांनीं काढतां येते, हें सिद्ध केलें.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलानें “हें असेंच कां ?” असें विचारिलें तर त्यास गप्प बसवूं नये, उत्तर ठाऊक नसल्यास त्याच्यासह शोधावें. आणि विद्यार्थिमित्रहो, आम्ही दिलेला भागाकारही केवळ आम्ही सांगितला म्हणून खरा मानूं नका. कागद घ्या, ६४१ नें ६७००४१७ ला गुणा, आणि मग आपलें मत ठरवा.