बुद्धी नाठी की कान गेले?

मूलभूत निवृत्तिवेतनाचे वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ वर नेण्याचे २०२५ च्या जूनमधील अर्थसंकल्पात जाहीर झाले आणि आपल्या मॉरिशसमध्ये साठीच्या माणसाची चर्चा घरोघरी सुरू झाली. साठीनंतर माणसाचे डोके व हातपाय किती चालतात, हा वादाचा विषय ठरला. मराठीत तर म्हणच आहे: साठी, बुद्धी नाठी. परंतु ज्याला आपण बुद्धीचा दोष म्हणतो तो पुष्कळदा कानाचा असतो. आणि कानाकडे दुर्लक्ष झाल्यास पुढे बुद्धीलाही झळ लागू शकते, असे आता संशोधक सांगत आहेत.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. फ्रँक लिन व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये ६३९ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला या सर्वांची स्मृती शाबूत होती. अनेक वर्षांच्या पाहणीनंतर असे आढळले की, नीट ऐकणाऱ्यांच्या तुलनेत किंचित कमी ऐकणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट, मध्यम बहिरेपणात तिप्पट आणि तीव्र बहिरेपणात जवळजवळ पाचपट होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ-मंडळाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा लांबवता येण्याजोगी १४ कारणे दिली. त्यांत बहिरेपणाचा वाटा ७ टक्के आणि मधुमेहाचा २ टक्के आहे. मधुमेहाची आपल्या बेटावर केवढी धास्ती! कानाची मात्र कोणी विचारपूसही करीत नाही.

कान आणि बुद्धी यांचा संबंध काय? वयाबरोबर प्रथम उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. म्हणून वडीलधारी माणसे म्हणतात, “ऐकू येते, पण कळत नाही.” तुटक शब्द जोडण्यात मेंदूची शक्ती खर्च होते आणि लक्षात ठेवण्यास ती कमी उरते. थकलेला माणूस मग गप्पांतून, भजनातून, लग्नकार्यातून हळूहळू बाजूला होतो, आणि एकटेपणा हे त्याच १४ कारणांपैकी एक आहे. मात्र रक्तवाहिन्यांचा विकार कान व मेंदू या दोहोंना एकाच वेळी पोखरत असण्याचीही शक्यता आहे. म्हणून एकामुळेच दुसरे होते, असे ठामपणे म्हणता येत नाही.

आपल्या घरांत एकाच जेवणाच्या वेळी क्रेओल, फ्रेंच व मराठी शब्द कानी पडतात. पुढे शिकलेली भाषा गोंगाटात समजून घेणे धडधाकट कानालाही जड जाते. नातवंडे क्रेओलमध्ये भराभर बोलतात, आजी भलतेच उत्तर देते, सर्वजण हसतात आणि आजीला विसरभोळी ठरवले जाते. दवाखान्यातही स्मृतीची चाचणी बहुधा तोंडी प्रश्नांनीच होते. प्रश्नच ऐकू आला नाही, तर उत्तर चुकणारच.

मग श्रवणयंत्र लावले की स्मृतिभ्रंश टळेल काय? येथे सावध राहिले पाहिजे. २०२३ च्या जुलैत अमेरिकेतील ‘अचीव्ह’ चाचणीचे निष्कर्ष आले. तीत ७० ते ८४ वयाचे ९७७ जण होते. तीन वर्षांनंतर सर्वांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा श्रवणयंत्राने बुद्धीच्या ऱ्हासात फरक पडलेला दिसला नाही. परंतु ज्यांना मुळातच धोका अधिक होता, अशा २३८ जणांच्या गटात ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी मंदावला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये श्रवणयंत्राची तरफदारी करणारा, ब्रिटनमधील माहितीवर आधारलेला एक मोठा लेख प्रसिद्ध झाला होता. आकडेमोडीत चूक सापडल्याने तो डिसेंबरमध्ये मागे घ्यावा लागला. तेव्हा कोणी विक्रेता स्मृती राखण्याची हमी देऊन यंत्र विकू लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पण यंत्राने बोलणे ऐकू येते, माणूस पुन्हा चारचौघांत बसतो, हा लाभ काय थोडा आहे? चष्मा लावताना आपण लाजत नाही, मग यंत्र कपाटात का ठेवावे? साखर कारखान्यात किंवा कापडाच्या गिरणीत यंत्रांच्या आवाजात ज्यांची वर्षे गेली, त्यांनी तर पन्नाशीतच कान तपासून घ्यावेत. कधी कधी नुसता मळ काढूनच काम भागते. एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

उरलेले काम घरच्यांचे आहे. दूरदर्शन संच बंद करावा, समोर बसावे, ओरडू नये, सावकाश बोलावे. यास एक पैसाही लागत नाही. घरातील वृद्धाची बुद्धी नाठली असे म्हणण्याआधी त्याचे कान तपासले आहेत काय, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावे.