आधी टनेल, मग थ्रस्टर

बो थ्रस्टर बसवायचा ठरला की यार्डात बोलणे सुरू होते ते मोटरवरून. रेटा किती किलोचा, 12 व्होल्ट की 24, बॅटरी कुठे ठेवायची. टनेल ही खोक्यातून आलेली फायबरची नळी, म्हणून कोटेशनमध्ये ती ‘फिटिंग’मध्ये ढकलली जाते. आम्हाला ही पद्धत धोक्याची वाटते. मोटर जळली तर बदलता येते. पाण्याखाली हलला आरपार पाडलेली भोके बोट असेतोवर राहतात. टनेल हे हलचेच बांधकाम आहे आणि वेळ, तपासणी व नोंद या तिन्ही बाबतींत त्याला तोच मान मिळायला हवा.

जागेचा निर्णयही इथूनच घ्यावा लागतो. टनेल जितके पुढे तितका तरफेचा फायदा, हे खरेच. पण वेगवान पॉवरबोटीची नाळ पुढे उथळ होत जाते आणि टनेल वर सरकते. हिशोब करून पाहा: सुकाणूपासून 10 मीटरऐवजी 9.5 मीटरवर टनेल घेतले तर वळवण्याची ताकद फक्त 5 टक्क्यांनी घटते. उलट थ्रस्टरच्या पंख्याने वरून हवा ओढली तर ताकद त्याहून कितीतरी जास्त घटते. टनेलच्या वरच्या कडेवर निदान अर्ध्या व्यासाइतके पाणी हवेच, आणि ते मोजायचे टाक्या रिकाम्या असताना, नाळ उचललेली असताना.

खरी कसोटी जोडाची. जुन्या, पूर्ण कडक झालेल्या पॉलिएस्टरला नवा थर रासायनिकरीत्या जवळपास धरतच नाही. तो धरतो घासलेल्या पृष्ठभागाला. म्हणून जेलकोट काढून 12 ला 1 असा उतार द्यायचा: 8 मिलिमीटर लॅमिनेटला जवळजवळ 10 सेंटिमीटरचा पट्टा, आतून आणि बाहेरून. कोअर लागला तर कडेने खरवडून भरीव करायचा. आणि हे सगळे आपण करतो कधी? गेटवे-मांडवा वाहतूक पावसाळ्यात बंद असते, बोटी वर काढलेल्या असतात, तेव्हा. कोकणात त्या दिवसांत आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर सहज जाते. हवा 28 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असेल तर दवबिंदू 26 अंशांच्या आसपास येतो. पृष्ठभाग त्याहून निदान 3 अंश गरम हवा, ही अट तिथेच मोडते. त्यात हल महिनोन्महिने पाण्यात राहून ओलावा प्यायलेले. असा जोड बाहेरून चकचकीत दिसतो, म्हणूनच तो फसवतो.

सप्टेंबरला बोट पाण्यात उतरवायची असते, मालक थांबत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यासाठी अख्खी शेड कोरडी करावी लागत नाही. नाळेभोवती प्लास्टिकचा तंबू, आत डीह्युमिडिफायर आणि हीट लॅम्प एवढ्यावर भागते. दुसरे म्हणणे असे की आतून दोन-चार थर जास्त मारले की झाले. ते पटण्यासारखे नाही. मुळातला जोड कच्चा असेल तर जाडी वाढवून फक्त सुटणारे पापुद्रे जाड होतात. बाहेरून बसवायचे थ्रस्टर आहेतच, आणि संथ छोट्या बोटीला ते चालतीलही. वेगाने धावणाऱ्या बोटीच्या नाळेखाली मात्र ते पाण्याला अडथळा करतात.

तेव्हा यार्डचालकांना विनंती आहे. येत्या पावसाळ्यापासून कोटेशनमध्ये टनेल वेगळे दाखवा, त्याचे दिवस वेगळे मागा. हलमधून कापून निघालेल्या चकत्या फेकू नका. प्रत्यक्ष जाडी आणि कोअरची अवस्था त्यांच्याइतकी खात्रीने दुसरे काही सांगत नाही. त्यावर बोटीचे नाव, तारीख, लॅमिनेशनच्या वेळचे तापमान व आर्द्रता लिहा आणि एक चकती बिलासोबत मालकाच्या हाती द्या.